करवंटीचा उंडा

जुलै महिना, बाहेर पाऊस धरलेला, आणि आमच्या बालवाडीत दोन बाकांची फेरीबोट सुटायच्या बेतात. बाकं समोरासमोर ओढलेली, मध्ये चार पावलांची जागा, एका तोंडाला चटई. चटई म्हणजे बोटीची फळी, धक्क्याला लागली की खाली पडते ती. कॅप्टन झालेली मुलगी स्टीलच्या ताटलीचं चाक फिरवत होती. आणि चटईपाशी काथ्याची दोरी घेऊन उभा होता चार वर्षांचा एक मुलगा, जो जूनपासून वर्गात कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. मागून एक 'स्कूटर' आली. त्यानं हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "मुखार घे, मुखार, मुखार… रांव!" म्हणजे पुढे घे, पुढे, पुढे… थांब!

मी हजेरीचं पुस्तक घेऊन दारातच थांबले. आत गेले असते तर तो गप्प झाला असता.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. पणजीला जायचं तर बरेच जण चोडण बेटावरून फेरीनं रायबंदरला उतरतात, त्यामुळे फेरी मुलांच्या अंगवळणी पडलेली. चालत येणाऱ्याला तिकीट काढताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. कुणीतरी नवखा "तिकेट, तिकेट" म्हणत फिरू लागला तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं: "चलपी मनशाक तिकेट ना!" दुपारी न्यायला आलेल्या आईनं विचारलं, "टीचर, आज काय शिकवलं?" मी म्हटलं, "फेरी." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला पाठ आहे. इतकी वर्षं झाली, दर जूनला नवे पालक येतात आणि तोच चेहरा येतो. हा लेख त्या चेहऱ्यासाठी. आणि ज्या नव्या टीचर 'खेळाचा कोपरा करा' असं प्रशिक्षणात ऐकून येतात आणि मग त्या कोपऱ्याचं करायचं काय, या विचारात पडतात, त्यांच्यासाठीही.

भातुकली, बाहुलीचं लग्न, चोर-पोलीस, डॉक्टर-डॉक्टर. मराठीत या सगळ्याला 'लुटूपुटूचा खेळ' असा गोड शब्द आहे. खेळ सगळ्यांना माहीत आहे. डोक्यात त्या वेळी काय चाललेलं असतं, ते मात्र वाटतं तेवढं साधं नाही.

एक करवंटी घ्या. आमच्या वर्गात ती उपडी घातली की पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडा होते. तसाच गोल, तसाच वरून कडक. काथ्याच्या दोरीची कडी केली की ती काकणं, म्हणजे बांगडीसारखा पाव. टोपलीत दोन्ही भरून एक मुलगा "पों पों" करत दारोदार फिरतो. आता तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून यात काय काय होतंय ते पाहा. समोर करवंटी दिसतेय. ती करवंटी आहे हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तो ती खरोखर चावत नाही. तरीही तो तिला उंडा म्हणतो, उंड्यासारखी हाताळतो, दुसऱ्याला विकतो. म्हणजे एकाच वस्तूबद्दल दोन गोष्टी तो डोक्यात धरतो आणि त्यांची गल्लत होऊ देत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी १९८७ साली हाच प्रश्न केळं कानाला लावून 'हॅलो' म्हणणाऱ्या मुलावरून मांडला होता: ज्या वयात मूल केळं काय, टेलिफोन काय हे शिकतच असतं, त्या वयात त्याचा गोंधळ का उडत नाही? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खोटा-खोटा विचार मूल जणू अवतरणचिन्हांत घालून वेगळा ठेवतं. करवंटी ही करवंटीच, आणि "उंडा" हा अवतरणात. पुढे दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळा विचार असू शकतो हे कळायला लागतं, तेही याच क्षमतेच्या जवळचं काम आहे, असं त्यांनी सुचवलं.

याच्या पन्नासेक वर्षं आधी रशियात मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी काठीच्या घोड्याचं उदाहरण घेतलं होतं. लहान बाळाला वस्तूच हुकूम सोडत असते: घंटा दिसली की वाजव, दार दिसलं की ढकल. काठीवर टांग टाकून 'घोडा' पळवणारं मूल पहिल्यांदा या हुकमातून सुटतं. घोड्याचा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवून ते काठीला लावतं. पण हे नुसतं मनातल्या मनात त्याला अजून जमत नाही. हातात काहीतरी लागतं, ज्यावर अर्थ फिरेल, दार बिजागरीवर फिरतं तसा. ती काठी म्हणजे बिजागरी. पुढे हेच मूल 'क' या रेघोट्यांना एक आवाज मानणार आहे, पाटीवरच्या ५ ला पाच आंबे मानणार आहे. अक्षरं काय नि आकडे काय, ज्याचा दिसण्याशी संबंध नाही असा अर्थ त्या खुणेला चिकटवणं, हेच ते काम. आईला मी हे एवढंच सांगते आणि ती थोडी तरी थांबून ऐकते.

दुसरी गोष्ट नियमांची. लुटूपुटूचा खेळ म्हणजे मनाला येईल तसं वागणं, असं आपल्याला वाटतं. आहे उलटं. खलाशी झालेल्या मुलाला फळी वर गेल्याशिवाय दोरी सोडता येत नाही. रुग्ण झालेलीला निजूनच राहावं लागतं, कितीही हसू येवो. कोणी मोडलं की लगेच तक्रार: "टीचर, पेशंट उठून पळतो!" व्हिगोत्स्कींच्या परंपरेतल्या मनुइलेंको या संशोधिकेनं १९४० च्या दशकात मुलांना हलायचं नाही असं सांगून उभं केलं आणि किती वेळ टिकतात ते मोजलं. नुसतं 'उभा राहा' म्हटल्यावर जेवढा वेळ ती उभी राहिली, त्याहून कितीतरी जास्त वेळ 'तू पहारेकरी आहेस' म्हटल्यावर उभी राहिली. हे माझ्या वर्गात रोज दिसतं. रांगेत दोन मिनिटं न टिकणारा मुलगा फेरीच्या रांगेत, डोक्यावर काल्पनिक हेल्मेट घालून, शांत उभा असतो. आपली पाळी येईपर्यंत एक्सलरेटरसुद्धा हळूच फिरवतो.

आता सामानाकडे वळू, कारण घोळ तिथेच होतो.

माझा पहिला घोळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला. नव्या उत्साहात मी प्लॅस्टिकचा किचन सेट आणला, गुलाबी, भला मोठा, स्वतःच्या पैशांनी. त्यात एक तवा होता आणि तव्यावर अंडं. चिकटवलेलं. त्या तव्यावर दुसरं काही होऊच शकत नव्हतं. भाकरी नाही, बांगडा नाही, फक्त ते एक अंडं, जन्मभर. मुलं दोन दिवस खेळली, तिसऱ्या दिवशी तव्याची ढाल झाली, आणि मला राग आला. आता वाटतं, त्या मुलानं त्या तव्याला जेवढा न्याय दिला तेवढा बनवणाऱ्यानंही दिला नव्हता. वस्तू जितकी पुरी, तितकं मुलाला करायला कमी उरतं.

त्यावरून मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळं काढून टाकलं आणि करवंट्या, काथ्या, शिंपल्या, सुपारीची पोय, फडकी एवढंच ठेवलं. मोठी मुलं रमली. तीन वर्षांची आपली बघत बसली. एकीला मी करवंटी देऊन म्हटलं, "हा फोन, आईला लाव." तिनं करवंटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ती परत दिली. मग एक बंद पडलेला खरा मोबाईल दिला तर अर्धा तास आईला रागावत होती. लहान मुलांना सुरुवातीला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागते आणि वय वाढेल तशी तिची गरज कमी होते, हे संशोधकांनी बऱ्याच वेळा पाहिलं आहे. घरी करून बघण्यासारखी एक गंमत सांगते. मुलाला म्हणा, "ब्रश नाहीये, पण दात घासून दाखव." तीन-चार वर्षांचं मूल बहुधा बोटच दातावर फिरवेल, बोटालाच ब्रश करेल. सहा-सात वर्षांचं मूठ वळवून न दिसणारा ब्रश धरेल, दात आणि मूठ यांत ब्रशाएवढं अंतर सोडेल. त्या दोन बोटांच्या अंतरात मधली तीन वर्षं असतात.

म्हणून माझ्या पेटीत आता दोन्ही असतं. एका विषयाला एक पुठ्ठ्याची पेटी: पदेर, फेरी, दवाखाना, खानावळ, चवथीचा म्हणजे गणेश चतुर्थीचा बाजार. प्रत्येकीत दोन-तीन वस्तू अगदी खऱ्या, म्हणजे पदेराचा रबरी भोंगा, डॉक्टरांची नळी, खानावळीची ऑर्डर लिहायची वही. बाकी सगळं मोघम, ज्याचं काहीही होऊ शकेल. खरी वस्तू पाटीचं काम करते, की इथे काय चाललंय. एकदा ते कळलं की पुढचं करवंटी बघून घेते. सगळं एकदम बाहेर काढायचं नाही. पंधरा वस्तू पुष्कळ झाल्या, आणि कोपऱ्यात एका वेळी चार-पाच मुलं. जास्त झाली की खेळ राहत नाही, गर्दी होते.

सुरक्षेचं भराभर सांगते, कारण ते आपल्याला कळतं पण विसरतं. जुन्या मोबाईल-रिमोटमधले सेल काढून टाका, बटणाएवढे गोल सेल तर वर्गात नकोतच. गोळ्यांची रिकामी पाकिटं नकोत, त्यांच्या कडा कापतात आणि खरं औषध नि खेळातलं औषध यात घोटाळा होऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी कापडी. टोप्या आणि फण्या सगळ्यांत फिरवल्या की उवाही फिरतात.

सामानापेक्षा मोठी अट आहे अनुभवाची. मी एकदा पोस्ट ऑफिस मांडलं. लाल डबा, शिक्का, लिफाफे, सगळं सुरेख. मुलांनी डब्यात पेन्सिली टाकल्या, मग चपला टाकल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी पत्र येतच नाही. पण घरी पार्सल येतं! दोनच दिवसांत त्या लाल डब्याचा खोका झाला, एकीनं पाठीला दप्तर उलटं लावलं, काल्पनिक दुचाकी लावली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ओटीपी सांग." समोरच्यानं गंभीरपणे सांगितलं, "एक, दोन, तीन, अकरा." "चुकला," ती म्हणाली, "परत सांग." पोस्ट ऑफिस माझ्या लहानपणातलं होतं, मी ते त्यांच्यावर लादत होते. विषय निवडताना प्रश्न एकच: मुलांनी हे जवळून पाहिलंय का? पाहिलं नसेल तर आधी दाखवायला न्या. गावातल्या पदेराच्या भट्टीवर नेलं तेव्हा मुलांना सर्वांत आवडलं ते लांब दांड्याचं फावडं, आणि दुसऱ्या दिवशी खराट्याला पुठ्ठा बांधून ते वर्गात हजर. यादीत मी ते लिहिलं नव्हतं.

चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार मांडतो. केळीचा घड, सुपारीचा घोस, चिबूड, नारळ, रानातलं जे मिळेल ते. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात, म्हणून मी पूजा मांडत नाही, बाजार मांडते. घासाघीस सगळ्यांनाच येते. डिसेंबरात त्याच फडक्यांचा नाताळचा गोठा होतो, ताऱ्याचा कंदील होतो, आणि माटोळी बांधणारीच कागदाचा तारा चिकटवते.

टीचरनं काय करायचं, हा यातला सर्वांत अवघड भाग, आणि तो बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतात: 'मुलांना प्रोत्साहन द्यावे.' म्हणजे नेमकं काय करावे?

मी काय करू नये ते आधी शिकले. भुसारी दुकान चाललं होतं. मला मोह झाला. "किती बटाटे दिलेस? पाच. त्यातले दोन काढले तर?" दुकानदारीण उत्तर देऊन मोकळी झाली आणि उठून गेली. गिऱ्हाईकही गेलं. मी बटाट्यांसकट एकटी. खेळात शिरून मी टीचरच राहिले होते.

खेळ आटत असेल, तेच तेच होत असेल, तेव्हा आत जायचं, पण भूमिका घेऊन जायचं. दवाखान्यात इंजेक्शनावर इंजेक्शन चाललं होतं. मी ओढणीत गुंडाळलेली उशी घेऊन गेले. "डॉक्टर, माझी कोंबडी आठवडाभर अंडं घालत नाही." डॉक्टरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "हांगा कोंबयांक पळयनात. भायर बस." म्हणजे इथे कोंबड्या तपासत नाहीत, बाहेर बस. मी मुकाट्यानं बाहेर बसले. पाच मिनिटांत शेजारी जनावरांचा दवाखाना निघाला. डॉक्टरांना कोंबडीचा ताप कुठे बघतात हा प्रश्न पडला, त्यावर दोघींचं भांडण झालं, आणि मग एकीनं ठरवलं, पंखाखाली. तोवर मी उठून गेलेही होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. एवढंच काम: एक अडचण आत ठेवायची आणि निघायचं.

इस्रायलमधल्या संशोधिका सारा स्मिलान्स्की यांनी १९६८ साली मांडलेलं एक मोजमाप मला रोज उपयोगी पडतं. मूल भूमिका घेतं का, वस्तूला दुसरं काही मानतं का, कृती आणि प्रसंगही खोटे-खोटे उभे करतं का, निदान दहा मिनिटं त्यात टिकतं का, दुसऱ्याला सोबत घेतं का, आणि भूमिकेतलं बोलतं का. सगळं असेल तर मी हात लावत नाही, डायरीत लिहून ठेवते. काही कमी असेल तर तेवढ्यापुरती आत जाते. एकटाच गाडी फिरवणारा मुलगा असेल तर मी प्रवासी होते आणि दुसऱ्या मुलाला हाक मारते, "चल रे, बस आली." त्यांची गट्टी जमली की 'माझा स्टॉप आला.' स्मिलान्स्कींचा मुद्दाच हा होता की ज्या मुलांना असा खेळ फारसा जमत नाही, त्यांना मोठ्यांनी आत येऊन मदत केली तर तो जमू लागतो. खेळ आपोआप येतो, मोठ्यांनी दूरच राहावं, हे सरसकट खरं नाही.

वेळही लागतो. कोण काय होणार यावर वाद, सामानाची ओढाताण, यातच दहा-बारा मिनिटं जातात. वेळापत्रकात वीस मिनिटांचा खेळाचा तास ठेवला तर गोष्ट सुरू होते तेव्हाच घंटा होते. मी निदान चाळीस मिनिटं सलग ठेवते आणि तीच पेटी दोन-तीन आठवडे. दुसऱ्या आठवड्यातला खेळ पहिल्यापेक्षा कितीतरी खोल असतो.

भाषेबद्दल थोडं सविस्तर, कारण हे आपल्या गोव्यातलं खास आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी, कार्टूनमधून हिंदी, आणि कुठून कुठून इंग्रजी. वर्गात मी विचारलं की अर्धी मुलं गप्प, कारण टीचरशी मराठीत बोलायचं असतं. भूमिका मिळाली की भाषेचं कुलूप निघतं. खलाशी कोंकणीतच ओरडणार. रुग्ण कोंकणीत सांगणार, "पोटांत दुखता." आणि डॉक्टर एकदम मराठी-इंग्रजीत, बोटं नाचवत: "दोन वेळा घ्या. जेवल्यावर. नेक्स्ट!" चार-पाच वर्षांच्या मुलांना कळलेलं असतं की कोणत्या माणसाची कोणती भाषा, कोणता सूर, कुणाला 'तू' आणि कुणाला 'तुम्ही'. मी खेळात कधीच भाषा दुरुस्त करत नाही. मराठी रुजवायची तर मी स्वतः मराठी बोलणारं पात्र होते, पणजीहून आलेली पाहुणी. मग मुलं पाहुणीशी आपणहून मराठी बोलतात, अगत्यानं.

लिहिण्याचंही तेच. प्रत्येक पेटीत कागद आणि पेन्सिल असतेच. खानावळीत साडेचार वर्षांची वेटर वहीवर वाकड्यातिकड्या रेघा ओढत होती. मी शीत-कडी सांगितली, एक रेघ. तळलेला बांगडा, दुसरी रेघ, जरा लांब. सोलकढी, एक गोळा. स्वयंपाकघरात जाऊन तिनं त्या रेघांवर बोट ठेवत तिन्ही पदार्थ वाचून दाखवले, क्रमानं. तिला एकही अक्षर येत नव्हतं. पण कागदावरची खूण बोललेलं धरून ठेवते, लांब नावाला लांब खूण, वरून खाली वाचायचं, एवढं सगळं आलेलं होतं. ते पान मी तिच्या आजीला दाखवलं. आजी म्हणाली, "हें कितें? गांडूळ?" मी समजावलं. मग तिनं ते पान घडी करून पदराच्या गाठीला बांधलं.

अडचणीचे प्रसंग येतात. एक मुलगा बाबा झाला, झोकांड्या देत आला आणि भांडी फेकली. सगळे हसले, त्याची 'बायको' हसली नाही. अशा वेळी ओरडून थांबवू नये आणि सगळ्यांसमोर चौकशीही करू नये. मूल जे पाहतं ते खेळातून बाहेर काढतं आणि बहुतेकदा त्यातून सावरतं. कुणाची आजी गेली की आठवडाभर अंत्ययात्रा निघतात, मग थांबतात. लक्ष कधी द्यायचं? तोच प्रसंग आठवडे न् आठवडे जसाच्या तसा, शेवट न बदलता, चेहऱ्यावर आनंद नसताना होत राहिला तर. तेव्हा पालकांशी शांतपणे, एकट्यानं बोलायचं आणि गरज वाटली तर जाणकाराकडे पाठवायचं.

मुलगे चुलीपाशी येत नाहीत ही नेहमीची तक्रार. उपदेशानं काही होत नाही, मी करून पाहिलंय. कोपऱ्याचं नाव 'घर' होतं ते बदलून 'जत्रेतलं जेवण' केलं. जत्रेत मोठ्या कायलीपाशी पुरुषच असतात हे मुलांनी पाहिलेलं. तीन मुलगे कमरेला पंचे बांधून हजर. त्यांतला एक अजून रोज भात शिजवतो.

या खेळाचं सगळ्याच थोरांना कौतुक होतं असं नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींना खोट्या-खोट्या खेळाचं अप्रूप नव्हतं. मुलाला खोटी भाजी चिरायला देण्यापेक्षा खरी द्या, त्याला खरंच काम करायचं असतं, असा त्यांचा आग्रह. त्यात तथ्य आहे. आमच्याकडेही मटार खरेच सोलतात. माँटेसोरींची पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा महागडं सामान बाजूला ठेवून गावात मिळणाऱ्या शिंपल्या, बिया, दगड वापरायला घेतले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, हे तिथलंच. माझ्या करवंट्यांना मी त्यांचा वारसा समजते, थोडा आगाऊपणा करून.

आणि नव्या धोरणाचं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक पायाभूत टप्पा मानला, २०२२ च्या ऑक्टोबरात त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, आणि खेळातून शिकणं त्याच्या मध्यभागी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्रानं खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रं असलेला 'जादुई पिटारा' आणला. गोव्यानं २०२३-२४ पासून हा टप्पा सुरू केला. कागदावर सगळं आपल्या बाजूचं आहे. भीती एवढीच, की पिटारा शाळेत येतो, कपाटात जातो, आणि 'मोडेल' म्हणून किल्ली टीचरच्या पर्समध्ये राहते. मोडू दे.

एक प्रामाणिक गोष्ट राहिली. लुटूपुटूच्या खेळानं मूल हुशार होतं, कल्पक होतं, असं जाहिरातीसारखं सांगितलं जातं. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ अँजेलीन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरची दशकांची संशोधनं पुन्हा तपासली. बुद्धी आणि सर्जनशीलता या खेळामुळेच वाढते, याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. भाषा, गोष्ट सांगणं, भावना आवरणं यांबाबत दार उघडं आहे: खेळ मदत करत असेल, पण तो अनेक वाटांपैकी एक वाट असू शकतो. म्हणून मी पालकांना 'यानं मार्क वाढतील' असं कधी सांगत नाही. मी त्यांना दहा मिनिटं खिडकीतून बघायला सांगते. मूल किती बोलतं, किती थांबतं, दुसऱ्याचं किती ऐकतं, ते दिसतंच.

तो न बोलणारा मुलगा सप्टेंबरपर्यंत वर्गात माझ्याशी बोलला नाही, फक्त बोटीवर बोलायचा. मी रोज एकदा स्कूटर घेऊन जायचे, तो मला पुढे घ्यायचा. मग एक दिवस त्यानं पाणी मागितलं. त्यात जादू नव्हती, जून ते सप्टेंबर एवढा वेळ लागला.

मार्चमध्ये बाकं परीक्षेसाठी पलीकडच्या वर्गात गेली. चटई धुवायला टाकली होती, आणि दोरी कुणीतरी वेल बांधायला नेली होती. मधल्या सुट्टीत मी डबा खात बसले होते, तर व्हरांड्यात फेरी लागलेली. नुसत्या फरशीवर. कॅप्टनच्या हातात ताटली नव्हती, तरी चाक फिरत होतं. त्या न बोलणाऱ्या मुलानं दोन्ही हातांनी काहीतरी जड फेकलं, समोरच्यानं ते पकडलं, खांबाला तीन वेढे दिले, पण सैल. आमचा खलाशी कमरेवर हात ठेवून, बोट वाहून चालल्यासारखा ओरडला, "ओड रे, ओड! बोट व्हांवता!"